कुलूप हवे की फांदी?

टॉपिक म्हणजे एका प्रश्नाचे एक उत्तर देणारा, आजूबाजूच्या मजकुरावाचूनही समजणारा लेखनाचा तुकडा. संरचित लेखनात पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग लिहीत नाहीत. ‘पंपाची गाळणी साफ करणे’ हा एक टॉपिक, ‘गाळणी का तुंबते’ हा दुसरा, ‘बोल्ट आणि वॉशर यांचा तक्ता’ हा तिसरा. प्रत्येकाची वेगळी एक्सएमएल फाइल असते. कोणते टॉपिक कोणत्या क्रमाने घ्यायचे हे सांगणारी आणखी एक फाइल असते, तिला मॅप म्हणतात. मॅपवरून बिल्ड चालवला की छापायची पीडीएफ, वेबपाने, यंत्राच्या पडद्यावरची मदत असे जे हवे ते तयार होते.

या पद्धतीचे सर्वांत रुळलेले मानक म्हणजे डिटा, ‘डार्विन इन्फर्मेशन टायपिंग आर्किटेक्चर’. आयबीएममध्ये ते घडले. २००५ साली ओएसिस या मानकसंस्थेने त्याची पहिली आवृत्ती मंजूर केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये १.३ ही आवृत्ती आली. डार्विनचे नाव त्यात आले ते वारशाच्या कल्पनेमुळे. साध्या टॉपिकपासून संकल्पना सांगणारा, कृती सांगणारा आणि संदर्भ देणारा असे प्रकार उतरतात आणि मूळ टॉपिकचे गुण सोबत आणतात.

पुस्तिका सलग होती तोवर तिची आवृत्ती सांगणे सोपे होते. मुखपृष्ठामागे ‘दुसरी आवृत्ती’ एवढे छापले की काम झाले. तुकडे झाल्यावर मात्र आवृत्ती कशाची मोजायची हा प्रश्न उभा राहतो : तुकड्याची, तुकड्यांच्या मांडणीची, की वाचकाच्या हाती गेलेल्या पुस्तिकेची? एकच टॉपिक पाच पुस्तिकांत वापरलेला असतो. त्यातला एक आकडा बदलला की पाचही पुस्तिका बदलतात, आणि बदल करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा एकच असते.

या प्रश्नावर या व्यवसायात दोन ठाम मते आहेत. ती पुढे दोघांच्या तोंडून मांडली आहेत. संपादिकेची पंधरा-वीस वर्षे यंत्रांच्या पुस्तिका पाहण्यात गेली आहेत. लेखक सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलांवरून इकडे आलेला आहे. दोघे पुण्यातल्या एकाच टीममध्ये बसतात आणि दोघांच्या पडद्यावर पंपाचा तोच टॉपिक उघडा आहे.

संपादिका : टॉपिकला हात लावायचा तर आधी चेकआउट. तुझ्या नावाचे कुलूप लागले की बाकीच्यांना तो वाचता येतो, बदलता येत नाही. काम झाले की चेकइन कर, नवी आवृत्ती आपोआप नोंदली जाते. एका वेळी एका टॉपिकवर एकच हात.

लेखक : आणि कुलूप लावणारा गणपतीला गावी गेला तर, ताई? शुक्रवारी संध्याकाळी चेकआउट केलेला टॉपिक विसर्जनापर्यंत अडकून राहतो. मधल्या काळात इंजिनियरिंगवाले सांगतात की बोल्ट आवळण्याचा आकडा चुकलाय, आणि आम्ही बघत बसतो.

संपादिका : अॅडमिनला सांगून कुलूप काढता येते की.

लेखक : येते. पण त्याच्या लॅपटॉपवर पडलेल्या अर्ध्या कामाचे काय? परत आल्यावर तो ते चेकइन करायला जातो, तोवर आवृत्ती पुढे गेलेली असते. म्हणजे जी टक्कर टाळायला कुलूप लावले, ती टक्कर झालीच. फक्त दहा दिवस उशिरा.

कुलपाची कल्पना जुनी आहे आणि ती प्रोग्रामरांकडून आली. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम तयार केली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस लिहिली. टिचींच्या रचनेत सगळ्यात नवी प्रत पूर्ण ठेवली जाते आणि जुन्या प्रती तिच्यातून मागे मागे फरक लावून मिळवल्या जातात, कारण बहुतेक वेळा माणसाला ताजी प्रतच हवी असते. दोन्हींत बदल करणाऱ्याने आधी फाइल स्वतःच्या नावावर अडवायची, मग बदलायची, हीच रीत होती. १९८६ च्या सुमारास डिक ग्रून यांनी सीव्हीएसची सुरुवात केली आणि ही रीत सैल झाली. ज्याने त्याने आपली प्रत घ्यावी, बदलावी आणि शेवटी जुळवावी, असे ठरले. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिले आणि जुळवणी हा अपवाद न राहता रोजचा व्यवहार झाला. मजकूर सांभाळणाऱ्या सीसीएमएस प्रणाल्या, म्हणजे टॉपिकांची गोदामे, बव्हंशी पहिल्या रीतीवर उभ्या राहिल्या. तिथे काम करणारे संपादक कुलपाला सरावलेले असतात आणि प्रोग्रामरांमध्ये वाढलेले लेखक ब्रँचला, म्हणजे मुख्य प्रतीपासून वेगळ्या काढलेल्या फांदीला.

लेखक : ब्रँचवर माझे काम माझ्यापाशी राहते. नव्या मॉडेलचे टॉपिक मी महिनाभर आधी लिहायला घेतो. जुन्या मॉडेलची पुस्तिका त्याच काळात मुख्य फांदीवर दुरुस्त होत राहते. कोणी कोणाची वाट पाहत नाही. शेवटी मर्ज करायचे. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर यंत्र थांबवते आणि विचारते, नाहीतर स्वतः जुळवून घेते.

संपादिका : यंत्र स्वतः जुळवून घेते, त्याचीच मला भीती वाटते. हा टॉपिक बघ. सात पायऱ्या आहेत. चौथी : ‘झाकणाचे चार बोल्ट सैल करा.’ सहावी : ‘चारही बोल्ट १२ न्यूटन-मीटरने आवळा.’ नव्या रचनेत झाकणाला सहा बोल्ट आले. तुझ्या ब्रँचवर तू चौथ्या पायरीत चारचे सहा केलेस. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकीने मुख्य फांदीवर सहावी पायरी सुधारली : ‘चारही बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने १२ न्यूटन-मीटरने आवळा.’ तिची सुधारणा बरोबर, तुझीही बरोबर. सहाव्या पायरीला हात लावायचे तुझ्याकडून राहिले, एवढेच. मर्ज झाले, एक अक्षर भांडले नाही. आता वाच.

लेखक : सहा बोल्ट सैल करा. चार आवळा.

संपादिका : आणि उरलेले दोन?

हे उदाहरण नीट पाहण्यासारखे आहे, कारण मर्जची मर्यादा त्यात उघडी पडते. मर्ज करणारे साधन ओळी पाहते. दोन बदल दूरच्या ओळींवर असतील तर त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे ते धरून चालते. प्रोग्रामच्या बाबतीत अशी चूक पुष्कळदा चाचणीत सापडते, कारण प्रोग्राम चालवून पाहता येतो. कृती सांगणारा टॉपिक फक्त वाचून तपासता येतो, किंवा पंपासमोर बसून. चौथी पायरी आणि सहावी पायरी यांच्यातले नाते बोल्टच्या संख्येत आहे. ते ओळींत कुठेच लिहिलेले नाही, ते वाचणाऱ्याच्या मनात आहे. म्हणून संरचित मजकुरात ‘टक्कर झाली नाही’ याचा अर्थ ‘चूक झाली नाही’ असा कधीच घेऊ नये. मर्ज झाल्यावर बदललेल्या ओळींपुरते पाहून भागत नाही. तो टॉपिक पहिल्या पायरीपासून एकदा माणसाने वाचायला हवा. हे काम दहा मिनिटांचे आहे, आणि ते टाळण्याला कोणतीही सबब पुरेशी नाही.

लेखक : मान्य. पण कुलूप असते तर हे झाले नसते, असे तुम्हाला म्हणायचे आहे का?

संपादिका : या टॉपिकपुरते नसते झाले. तिने चेकआउट केले असते, तू थांबला असतास, मग तिचा नवा मजकूर तुझ्या नजरेखालून गेला असता.

लेखक : मग दुसरे उदाहरण घेऊ. या टॉपिकच्या वर जी सूचना आहे ती इथे लिहिलेलीच नाही. ती सामाईक सूचनांच्या टॉपिकमधून कॉनरेफने येते : ‘वीज बंद केल्यावर पाच मिनिटे थांबा.’ ड्राइव्हमधल्या कपॅसिटरची वीज उतरायला तेवढा वेळ लागतो. मोठ्या ड्राइव्हला पंधरा मिनिटे लागतात. समजा सामाईक सूचनेत आधी पंधरा होते. लहान पंपाची पुस्तिका लिहिणाऱ्याने रीतसर कुलूप घेतले, पंधराचे पाच केले, रीतसर चेकइन केले. कुलपाचे सगळे नियम पाळले. मोठ्या पंपाची पुस्तिका पुढच्या बिल्डला पाच मिनिटे सांगू लागली. मोठ्या पंपाचा टॉपिक कोणी उघडलाही नव्हता.

संपादिका : आणि तिकडे सहाव्या मिनिटाला कोणीतरी झाकण उघडतो.

इथे दोन्ही पक्षांना एकच अडचण भेटते. कुलूप एका फाइलला लागते आणि मर्ज एका फाइलच्या ओळी पाहतो, पण अर्थ एका फाइलीत मावत नाही. कॉनरेफ म्हणजे दुसऱ्या टॉपिकमधला परिच्छेद, पायरी किंवा सूचना तिच्या आयडीवरून आपल्या टॉपिकमध्ये ओढून आणणे. एकदा लिहायचे, दहा ठिकाणी वापरायचे, हे त्याचे सगळे बळ. आणि त्याचा सगळा धोका तोच : एकदा बदलले की दहा ठिकाणी बदलते. म्हणून सामाईक मजकुराला हात लावण्याआधी ‘हा कुठे कुठे वापरला आहे’ हा शोध घेणे ही पहिली पायरी ठरते. बहुतेक सीसीएमएसमध्ये त्यासाठी एक बटण असते. साध्या फाइली आणि गिट यांवर काम करणाऱ्यांना तो शोध संपादन-साधनातून किंवा हाताने घ्यावा लागतो, आणि घाईत तो राहून जातो.

पाच आणि पंधरा हे दोन्ही आकडे खरे असतील तर आवृत्ती वाढवून प्रश्न सुटत नाही. नवी आवृत्ती जुनीची जागा घेते. इथे दोन्ही आकड्यांना शेजारी शेजारी राहायचे आहे. आवृत्ती आणि पर्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की सगळीच व्यवस्था कोलमडते. पर्यायांसाठी डिटामध्ये वेगळी सोय आहे. पायरीवर किंवा वाक्यावर ‘हे फक्त मोठ्या मॉडेलसाठी’ अशी खूण करायची आणि बिल्डच्या वेळी गाळणी लावून नको ते वगळायचे.

संपादिका : आणि त्या खुणा मर्यादेत ठेवायच्या. तुझा मागचा टॉपिक आठव. तीन मॉडेल, दोन देशांचे व्होल्टेज, पुन्हा गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांच्यासाठी वेगळी वाक्ये. पडद्यावर ते वाचताना मला एकही पूर्ण वाक्य सलग दिसत नव्हते.

लेखक : मग दोन वेगळे टॉपिक केले तर तुम्ही म्हणता, नकला झाल्या, एकात दुरुस्ती होईल आणि दुसऱ्यात राहील.

संपादिका : दोन्ही म्हणते, कारण दोन्ही खरे आहे. आकडा किंवा भागाचे नाव वेगळे असेल तर एकच टॉपिक ठेव आणि खूण कर. पायऱ्यांचा क्रमच वेगळा असेल तर टॉपिक वेगळा कर. क्रम बदलला म्हणजे ती कृतीच दुसरी.

हा निकष साधा आहे, पण तो पाळला तर पुष्कळ गुंता टळतो. अनुभवी टीममध्ये असाच काहीसा नियम कुठेतरी भिंतीवर किंवा विकीवर लिहून ठेवलेला असतो.

यापुढचा वाद आवृत्ती कशाला म्हणायचे यावर आहे. साधन प्रत्येक चेकइनला एक आकडा देते. एका टॉपिकच्या अशा चाळीस आवृत्त्या सहज होतात. त्यांतल्या अडतीस ‘स्वल्पविराम’, ‘शीर्षक बदलले’, ‘शीर्षक परत आधीसारखे’ अशा असतात. लेखकाला त्या हव्या असतात, कारण काल दुपारी काढून टाकलेला परिच्छेद आज सकाळी परत लागतो. संपादिकेला त्यांत रस नसतो. वाचकाकडे कोणती गेली हे तिला हवे असते. विमान आणि संरक्षण क्षेत्रातल्या एस१०००डी या मानकाने ही दोन मापे सरळ वेगळी केली आहेत. तिथे मजकुराच्या प्रत्येक घटकाला तीन अंकी प्रकाशन-क्रमांक आणि दोन अंकी कामचालू-क्रमांक असतो. शेवटचे दोन अंक शून्य असतील तर तो घटक प्रसिद्ध झालेला असतो. दुसरा कोणताही आकडा असेल तर तो अजून टेबलावर आहे. मेकॅनिकच्या हाती काय द्यावे आणि काय देऊ नये हे नुसत्या आकड्यावरून कळते. डिटामध्ये इतकी कडक सक्ती नाही. टॉपिकच्या प्रस्तावनेत तयार केल्याची आणि सुधारल्याची तारीख, उत्पादनाची आवृत्ती हे लिहायला जागा असते. बदललेल्या परिच्छेदावर आवृत्तीची खूण टाकली की छापील पानाच्या कडेला उभी रेघ उमटवता येते. ती रेघ पाहून जुने गिऱ्हाईक नेमके काय बदलले ते पटकन वाचते. बऱ्याच टीममध्ये ही सोय वापरात नसते, ही खेदाची गोष्ट आहे.

संपादिका : आकडा काहीही असो, त्यासोबत टीप हवी. कालच्या आठ चेकइनवर तू काय लिहिलेस? ‘अपडेट’, ‘बदल केले’, ‘फायनल’, ‘फायनल २’.

लेखक : डिफ पाहिला की काय बदलले ते कळते ना.

संपादिका : काय बदलले ते कळते. का बदलले ते डिफमध्ये नसते. तीन वर्षांनी कोणी विचारेल, चाराचे सहा बोल्ट कोणाच्या सांगण्यावरून केले? ‘नव्या झाकणाला सहा बोल्ट, पायरी ४ व ६ दोन्ही बदलल्या, सुट्या भागांचा तक्ता अजून बाकी’ एवढे लिहायला किती वेळ लागतो?

दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणाऱ्या डिफवर फार विसंबू नये याला आणखी एक कारण आहे, आणि ते एक्सएमएलच्या स्वभावात आहे. एक्सएमएलमध्ये अॅट्रिब्यूट कोणत्या क्रमाने लिहिले याला महत्त्व नसते. टॅगांच्या आधी किती जागा सोडली यालाही पुष्कळ ठिकाणी नसते. दोघांच्या संपादन-साधनांची मांडणीची सेटिंग वेगळी असेल, तर एकाने फाइल नुसती उघडून सेव्ह केली तरी प्रत्येक ओळ नव्याने घडी घातलेली निघते. डिफ सांगतो की दोनशे ओळी बदलल्या. खरा बदल एका आकड्याचा असतो आणि तो त्या दोनशेंत हरवतो. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे : साऱ्या टीमने मांडणीची एकच सेटिंग ठेवावी. मांडणी बदलायचीच असेल तर ती वेगळ्या चेकइनमध्ये बदलावी, मजकुराच्या बदलात मिसळू नये. एक्सएमएलची रचना समजून तुलना करणारी साधनेही आहेत, ती हाताशी ठेवावीत.

भाषांतर करणाऱ्यांना तर या निरर्थक बदलांचा रोख भुर्दंड बसतो. पंपाची पुस्तिका इंग्रजीत लिहिली जाते आणि शेतकऱ्यासाठी मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये जाते. भाषांतराची साधने आधी भाषांतर झालेली वाक्ये स्मृतीत ठेवतात आणि तेच वाक्य पुन्हा आले की तयार भाषांतर देतात. मूळ वाक्यातला एक टॅग हलला किंवा विरामचिन्ह बदलले तरी ते पूर्ण जुळत नाही. मग कोणाला तरी ते पुन्हा पाहावे लागते, प्रत्येक भाषेत एकदा. चाळिसाव्या आवृत्तीतला तो लहरीखातर बदललेला स्वल्पविराम तिथे जाऊन मोजला जातो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की मराठी टॉपिक मूळ टॉपिकच्या कोणत्या आवृत्तीवरून झाला हे नोंदलेले नसेल, तर मूळ पुढे गेल्याचे कळतच नाही. इंग्रजी पुस्तिका पंधरा मिनिटे सांगते आणि मराठी पुस्तिका पाचच.

लेखक : म्हणून इतिहास सगळा ठेवावा, असे मी म्हणतो. कोणती आवृत्ती कशावरून आली हे शोधता आले पाहिजे. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली ती आठवा. १९१९ मध्ये सुरू झालेले काम १९६६ मध्ये पुरे झाले. बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून पाहिली. सुखटणकरांनी संहिता वर ठेवली आणि वेगळे पाठ खाली तळटीपांत दिले. टाकले काहीच नाही.

संपादिका : आणि त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, शके १५०६ मध्ये. लोकांनी आपापल्या ओव्या घालून पाठ बिघडवले होते. नाथांनी एक प्रत सिद्ध केली आणि यात आता कोणी भर घालू नये असे बजावले. अभ्यासकाला सगळे पाठ लागतात, वाचणाऱ्याला एक लागतो. पंपासमोर बसलेल्या माणसाला तळटीपा देऊन चालणार नाही.

लेखक : पण नाथांना शुद्ध पाठ ठरवता आला तो जुन्या प्रती कोणीतरी जपून ठेवल्या म्हणूनच ना, ताई?

संपादिका : हो. ते मात्र खरे.

वाद इथवर आला की दोन्ही मते एकमेकांच्या आड येत नाहीत हे दिसू लागते. लेखकाला सगळा इतिहास हवा आहे, संपादिकेला त्या इतिहासातला एक निश्चित बिंदू. तो बिंदू नोंदवण्याच्या रीतीला बेसलाइन म्हणतात. पुस्तिका प्रसिद्ध झाली त्या दिवशी मॅपची कोणती आवृत्ती होती आणि मॅपमधल्या प्रत्येक टॉपिकची, चित्राची, सामाईक सूचनेची कोणती आवृत्ती होती, याची ती यादी. गाळणीचा टॉपिक बारावा, सामाईक सूचनांचा सातवा, झाकणाचे चित्र तिसरे. सीसीएमएसमध्ये बेसलाइन तयार करता येते. गिटमध्ये त्या क्षणाला टॅग लावला की तेच साधते. नंतर टॉपिक कितीही पुढे गेले तरी ती यादी हलत नाही. जुन्या पुस्तिकेत एकच दुरुस्ती करायची असेल तर बेसलाइनपासून फांदी काढायची आणि तेवढीच दुरुस्ती करायची. ताज्या टॉपिकांवरून बिल्ड चालवला तर गिऱ्हाइकाकडे नसलेल्या झाकणाचे सहा बोल्ट त्याच्या पुस्तिकेत उतरतात.

बेसलाइन टिकायची तर काही पथ्ये पाळावी लागतात. टॉपिकचा आयडी एकदा ठरला की बदलू नये. शीर्षक सुधारले म्हणून आयडीही ‘सुधारणे’ ही नवख्यांची नेहमीची चूक, कारण त्या आयडीवर टांगलेले सगळे दुवे त्या क्षणी तुटतात. पायरी काढून टाकण्याआधी तिला दुसरीकडून कोणी कॉनरेफने ओढत नाही ना, हे पाहावे. मॅपमधून वगळलेला टॉपिक गोदामातून पुसू नये, कारण चालू मॅपला तो नको असला तरी जुन्या बेसलाइनला तो लागतो.

कुलूप की फांदी, याचे उत्तर मजकुराच्या जातीप्रमाणे देता येते. सामाईक सूचना, धोक्याचे इशारे, कायदेशीर मजकूर आणि आकड्यांचे तक्ते यांना कुलूप असावे. त्यांच्यावर काम करणारे थोडे असतात, बदल क्वचित होतात आणि चूक दूरवर पोचते. चित्रांनाही असावे, कारण दोन चित्रे ओळीओळीने जुळवता येत नाहीत. जुळवणीवर उभ्या असलेल्या सबव्हर्जन या प्रणालीनेदेखील अशा फाइलींसाठी पुढे कुलपाची सोय केली. नव्या मॉडेलचे टॉपिक महिनोन् महिने घडत असतात, त्यांना फांदी सोयीची. मात्र फांदी फार लांबू देऊ नये. दर आठवड्याला मुख्य प्रवाहातले बदल तिच्यात घेत राहिले की शेवटची जुळवणी आटोक्यात राहते.

संपादिका : आणि मर्ज झाल्यावर टॉपिक पूर्ण वाचायचा. एक्सएमएल नव्हे, बिल्ड झालेले पान. वाचकाला दिसते तसे.

लेखक : वाचतो. आणि चेकइनच्या टिपेत ‘फायनल’ लिहिणार नाही.

संपादिका : उद्या गाळणीच्या टॉपिकपासून सुरुवात करू. बोल्टांचा तक्ता बाकी आहे.

एक गोष्ट दोघांच्याही यादीत अजून नाही आणि ती बऱ्याच ठिकाणी राहून जाते. बेसलाइनमध्ये टॉपिक असतात, पण पुस्तिका नुसत्या टॉपिकांतून होत नाही. कोणती खूण गाळायची हे सांगणारी फाइल, पानाची मांडणी ठरवणारी स्टाइलशीट, फाँट आणि बिल्ड चालवणाऱ्या साधनाची स्वतःची आवृत्ती, हे सगळे त्यात लागते. पाच वर्षांत साधन बदलते, आणि तेच टॉपिक नव्या साधनातून काढले तर पाने वेगळी पडतात, तक्ते दुसरीकडे तुटतात, कधी पायऱ्यांचे क्रमांकही हलतात. म्हणून या गोष्टी बेसलाइनसोबत नोंदवाव्यात, आणि गिऱ्हाइकाला पाठवलेली मूळ पीडीएफही तिच्याशेजारी जपून ठेवावी. सहा वर्षांपूर्वी विकलेल्या पंपाविषयी फोन येतो तेव्हा गिऱ्हाइकाच्या हातात तीच पीडीएफ असते.